बांधावरून : मलावीची तूर, केनियाची झाडं आणि तुमची पत्रं

गेल्या अंकात या सदरात मी आफ्रिकेतल्या शेतकरी बायकांवर लिहिलं होतं. केनियाच्या वंगारी मथाई, मलावीतल्या एक्वेन्डेनीच्या एस्थर लुपाफ्या, झिंबाब्वेच्या एलिझाबेथ म्पोफू यांची थोडक्यात ओळख करून दिली होती. सोलापूर जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्यानं या बायांकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे, असंही म्हटलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. काही रागाची आहेत, ती आधी घेते. मी मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी-तूर करणारी बाई आहे. उत्तरं त्याच बांधावरून देते आहे.

ताई, तुमचं कौतुक वाचलं. पण तिकडची तूर बंदरावर उतरली की इकडे आडतीत आमचा भाव खाली येतो. आमच्या पोटावर पाय देणाऱ्यांचे गोडवे का गायचे?
— बार्शी तालुक्यातले एक शेतकरी

दादा, तुमचा राग खरा आहे आणि मी तो झटकून टाकणार नाही. आपल्या सरकारनं 2016 मध्ये मोझांबिकशी तूर आयातीचा करार केला. 2021 मध्ये मलावीशी केला, वर्षाला 50 हजार टनांचा, पाच वर्षांसाठी. त्या तुरीचं ओझं शेवटी आपल्या पोत्यावर येतं, हे बार्शीच्या माणसाला मी वेगळं सांगायला नको.

पण 2017 साल आठवा. आदल्या पावसाळ्यात आपल्याकडे तुरीचं विक्रमी पीक आलं. खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, बारदाना संपला, माणसं पोत्यांवर झोपली. मग ऑगस्टमध्ये सरकारनं आयातीवर मर्यादा घातली. झालं काय, तर ज्यांनी भारताच्या भरवशावर तूर पेरली होती त्या मोझांबिक आणि मलावीतल्या शेतकऱ्यांचे भाव कोसळले. त्यांच्या घरातही तूर तशीच पडून राहिली. म्हणजे एकाच वर्षात इथला शेतकरीही मेला आणि तिथलाही. आयात कधी करायची, किती करायची, शुल्क किती लावायचं, यातलं काहीही एकर-दीड एकर कसणारी मलावीची बाई ठरवत नाही. ते दिल्लीत ठरतं. हमीभावाचं आणि आयात शुल्काचं भांडण आपण तिथंच भांडायला हवं. मी त्या भांडणात तुमच्या बाजूनं उभी आहे.

आणखी एक. मी ज्या बायकांबद्दल लिहिलं त्यांची तूर जहाजात चढत नाही. निर्यातीची तूर मुख्यतः दक्षिण मलावीतून जाते. एक्वेन्डेनी उत्तरेला. तिथल्या बायकांनी तूर लावली ती जमिनीसाठी आणि पोरांच्या ताटासाठी. पुढच्या उत्तरात ती हकीकत आहे, ती वाचा आणि मग पुन्हा लिहा. तुमच्या पत्राची मी वाट पाहीन.

मावशी, मलावीत पुरुष स्वयंपाकाला लागले असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. हे कसं झालं ते नीट सांगा. मी दिवसभर खुरपून येते आणि आल्याबरोबर चुलीपुढे बसते. सासूबाईंना बोलायची सोय नाही.
— मोहोळ तालुक्यातली एक सून

पोरी, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. गेल्या वेळी जागा कमी होती. आता सगळं सांगते.

एस्थर लुपाफ्या एक्वेन्डेनीच्या मिशन दवाखान्यात परिचारिका होत्या. कुपोषित लेकरं दवाखान्यात यायची, खाऊ-पिऊ घातलं की सुधारायची, घरी जायची आणि काही दिवसांनी तीच लेकरं परत यायची. एस्थरबाईंनी आयांना विचारायला सुरुवात केली, की घरी काय शिजतं, शेतात काय आहे, खत घालता का. उत्तर बहुतेक घरांत सारखंच निघालं. शेतात फक्त मका. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, त्याला तिकडे न्सिमा म्हणतात, हेच मुख्य जेवण. मक्याला रासायनिक खत लागतं. 1990 च्या दशकात खताचं अनुदान गेलं, चलन घसरलं आणि खताची गोणी गरिबाच्या आवाक्याबाहेर गेली. खत नाही म्हणून मका नाही, मका नाही म्हणून पोराच्या अंगावर मांस नाही.

2000 च्या सुमारास एस्थरबाईंनी, कॅनडाहून आलेल्या रेचल बेझनर केर या अभ्यासक बाईंनी आणि गावच्या शेतकऱ्यांनी मिळून एक काम उभं केलं. माती, अन्न आणि आरोग्य या तिन्हींचा एकत्र विचार करायचा, हा त्याचा पाया. गावागावांतून शेतकऱ्यांचंच संशोधन पथक निवडलं. वेगवेगळी शेंगवर्गीय पिकं शेतात लावून पाहिली. जमिनीसाठी उत्तम ठरणारं एक वेलवर्गीय पीक होतं, पण त्याचं बी सहज खाता येत नव्हतं. बायकांनी ते मागे ठेवलं. जे जमिनीलाही चालेल आणि पातेल्यातही पडेल, तेच हवं असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यातून जी जोडी सगळ्यात जास्त पसरली ती तूर आणि भुईमूग.

ही जोडी आपल्या माणसाला लगेच कळेल. तूर पहिले दोन-तीन महिने हळू वाढते. तेवढ्यात खालचा भुईमूग आपलं काम उरकून निघून जातो. मग तूर पसरते, पाला गाळते, खोल मुळ्यांनी खालची ओल घेते. दोन्ही पिकं हवेतला नत्र मुळांवरच्या गाठींत बांधतात. काढणीनंतर पाला-काडी जाळायची नाही, कुदळीनं सरीत गाडायची. पुढच्या वर्षी त्याच जागी मका. तुराट्या सरपणाला.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. खरी अडचण यानंतर सुरू झाली आणि म्हणूनच मला हे काम मोलाचं वाटतं. काडी गाडायची कुणी? बाईनं. सोयाबीन भिजवून, सोलून, कुटून पोराला द्यायचं कुणी? बाईनं. शेतातलं काम वाढलं, घरातलंही वाढलं. भुईमूग चांगला आला की तो बाजारात गेला, पैसा नवऱ्याच्या खिशात गेला आणि काही घरांत तो दारूच्या गुत्त्यात संपला. शेत सुधारलं तरी लेकरू तसंच.

दुसऱ्या एखाद्या प्रकल्पानं इथंच यशाचा अहवाल लिहून टाकला असता. या बायकांनी गावाला बसवून बोलायला लावलं. त्यांच्याकडेही आपल्यासारखंच लग्न होऊन मुलगी सासरी जाते. बाळाला वरचं पहिलं अन्न कधी द्यायचं, काय द्यायचं, यात सासूचा शब्द मोठा. म्हणून आधी आज्यांना बोलावलं. त्यांना शिकवायला नव्हे, त्यांचं ऐकायला आणि त्यांच्याशी बोलायला. मग नवऱ्यांना. आणि मग पाककृतीचे दिवस सुरू झाले. गावच्या मैदानात चुली मांडायच्या, तूर, सोयाबीन, भुईमूग, रताळं, भोपळ्याचा पाला, जे असेल त्याचे पदार्थ करायचे आणि पुरुषांनी बायकांबरोबर चुलीपुढे बसायचं. सगळ्या गावासमोर. घरातल्या चार भिंतींत ज्याला लाज वाटते तो मैदानात दहा जणांबरोबर पीठ ढवळायला लागतो, कारण तिथं तो एकटा नसतो. ज्या गावांत हे काम जास्त वर्षं चाललं तिथं लहान मुलांची वजनं सुधारल्याचं पुढे अभ्यासात दिसून आलं.

आता तुझं. घरात एकटीनं भांडण काढू नकोस. त्यात तूच दमशील. आपल्याकडे पुरुष स्वयंपाक करतात, हे विसरू नकोस. जत्रेचं मटण कोण करतं? लग्नातली दोनशे माणसांची आमटी कोण ढवळतं? आचारी पुरुषच असतात, आणि ते उत्तम करतात. लाज फक्त घरातल्या चुलीची आहे. तुमच्या बचत गटाला सांग, यंदा भोगीला मंदिरापुढे चुली मांडा. भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी जोडीनं करायची, नवरा-बायकोनं. सासूबाईंना परीक्षक करा. त्यांनी आयुष्यभर जे केलं त्याचा मान त्यांना मिळू दे. मला अगदी मनापासून वाटतं, त्या दिवसानंतर त्यांच्याशी बोलायची वाट थोडी मोकळी होईल.

बाई, मी नववीत आहे. झाडं लावली म्हणून वंगारी मथाई यांना शांततेचं नोबेल कसं मिळालं? झाडांचा आणि शांततेचा काय संबंध?
— अकलूजची एक विद्यार्थिनी

छान प्रश्न विचारलास, बाळ. 2004 मध्ये त्यांना पुरस्कार मिळाला तेव्हा मोठ्या माणसांनीही हाच प्रश्न विचारला होता.

वंगारीताईंचा जन्म 1940 चा, केनियातल्या न्येरी भागातल्या इहिथे गावचा. घरी शेती. अमेरिकेत शिकून त्या परतल्या आणि 1971 मध्ये नैरोबीत डॉक्टरेट मिळवली. पूर्व आणि मध्य आफ्रिकेत डॉक्टरेट मिळवणारी ती पहिली बाई. विद्यापीठात शिकवत असताना महिला परिषदेच्या कामात त्यांना खेड्यातल्या बाया भेटायच्या. त्या सांगायच्या, सरपणाला आता फार लांब जावं लागतं, ओढे आटले, माती वाहून जाते, पोरांना नीट शिजवून घालता येत नाही. वंगारीताईंनी उपाय सुचवला, तो झाडं लावण्याचा. 5 जून 1977 ला नैरोबीत पहिली सात झाडं लावली. तिथून हरित पट्टा चळवळ सुरू झाली.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. रोपं कमी पडायला लागली तेव्हा बायकांनीच रोपवाटिका करायचं ठरलं. वनखात्याची माणसं शिकवायला आली आणि जमिनीचा उतार, वाफ्याची खोली असं अवघड बोलू लागली. बायकांना ते जमेना. तेव्हा वंगारीताई म्हणाल्या, तुम्ही मक्याचं, घेवड्याचं बी लावता ना, तसंच झाडाचं लावा. मग बायका फुटक्या मडक्यांत, जुन्या डब्यांत रोपं वाढवायला लागल्या. कोणत्या झाडाचं बी कधी पडतं, कधी रुजतं, हे त्यांनी स्वतः पाहून ठरवलं. जगलेल्या प्रत्येक रोपामागे बाईला थोडे पैसे मिळायचे, अमेरिकी 4 सेंट. लावलेल्या रोपाला पैसे नाहीत, जगलेल्या रोपाला. आपल्याकडे दर पावसाळ्यात वृक्षारोपणाचे फोटो निघतात, तेव्हा मला ही अट आठवते. या चळवळीनं आजवर 5 कोटींहून जास्त झाडं लावली.

आता शांततेचं. 1989 मध्ये सरकारनं नैरोबीच्या मधोमध असलेल्या उहुरू पार्कमध्ये 60 मजली इमारत उभारायचं ठरवलं. वंगारीताईंनी पत्रं लिहून विरोध केला. संसदेत त्यांची खिल्ली उडवली गेली, त्यांच्या संस्थेला कार्यालयातून बाहेर काढलं. पण इमारत झाली नाही आणि बाग वाचली. 1992 मध्ये राजकीय कैद्यांच्या आयांबरोबर त्या उपोषणाला बसल्या, पोलिसांनी मारलं, त्या बेशुद्ध पडल्या. 1999 मध्ये करुरा जंगलाची जमीन बिल्डरांना दिली जात होती, तिथं रोपं लावायला गेल्या तेव्हा डोकं फुटलं. पाणी, सरपण, जमीन कमी पडली की माणसं एकमेकांवर उठतात, आणि सत्तेतला माणूस ती ओरबाडायला लागला की त्याला थांबवायला लोकशाही लागते. झाडापासून सुरू झालेलं काम त्यांना तिथपर्यंत घेऊन गेलं. नोबेल समितीनंही शाश्वत विकास, लोकशाही आणि शांतता अशी तिन्ही नावं घेतली होती. 2011 मध्ये त्या गेल्या.

तुमच्या शाळेत रोपवाटिका करायची असेल तर बाभूळ, कडुनिंब, चिंच यांच्या बिया तुम्हीच गोळा करा. विकत काही आणू नका.

ज्वारीत टारफुला फार झालाय. उपटून उपटून हात दुखतात. केनियात यावर पिकांमधूनच उपाय केला असं मुलानं सांगितलं. तो इथं चालेल का?
— दक्षिण सोलापूरमधल्या एक शेतकरी ताई

ताई, मुलानं बरोबर सांगितलं. टारफुला हे ज्वारीच्या, मक्याच्या, उसाच्या मुळांना चिकटून त्यांचं अन्न ओढणारं बांडगुळी तण. एका झाडाला हजारो बारीक बिया येतात आणि त्या जमिनीत कितीतरी वर्षं जिवंत राहतात. पूर्व आफ्रिकेत तो आपल्यापेक्षा जास्त आहे, आणि तिथंही तो उपटत बसते ती बाईच.

केनियातल्या इसिपे या कीटक संशोधन संस्थेनं 1990 च्या दशकात व्हिक्टोरिया सरोवराकाठी एक पद्धत बसवली. मक्याच्या किंवा ज्वारीच्या ओळींत डेस्मोडियम नावाचं शेंगवर्गीय चाऱ्याचं पीक लावायचं आणि शेताच्या कडेनं गवत, नेपियर किंवा ब्रॅकियारिया. डेस्मोडियमच्या वासानं खोडकिड्याचा पतंग लांब जातो, कडेचं गवत त्याला ओढून घेतं. शिवाय डेस्मोडियमच्या मुळांतून निघणाऱ्या द्रव्यांनी टारफुल्याचं बी रुजतं खरं, पण त्याला ज्वारीच्या मुळाला चिकटता येत नाही आणि ते मरतं. तणही गेलं, किडाही गेला आणि जनावरांना चारा मिळाला. अर्ध्या-एक एकरात जगणाऱ्या बाईला यातला चारा फार मोलाचा, कारण दुधाचा पैसा तिच्या हातात येतो.

पण आपल्या रब्बी ज्वारीत हे जसंच्या तसं उचलू नका. आपली ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, पुढे पाऊस जवळजवळ नाही, साठलेल्या ओलीवर पीक निघतं. ओळीत दुसरं बहुवर्षीय पीक घातलं तर तेच ओल पिऊन टाकेल. डेस्मोडियम बांधाला, पाण्याच्या जागी, चाऱ्यासाठी लावून बघा, तेवढंच. टारफुल्यासाठी आपल्या हातातला उपाय फेरपालटाचा आहे. त्या तुकड्यात एक-दोन हंगाम चवळी, भुईमूग किंवा कापूस घ्या. यांच्या मुळांमुळेही टारफुल्याचं बी रुजतं, पण खायला काही न मिळाल्यानं मरतं. शेणखत सढळ घाला, कारण हलक्या, उपाशी जमिनीत तो जास्त माजतो. आणि उपटायचा तो फुलावर यायच्या आधी. फुलल्यावर उपटून बांधावर टाकला तर तुम्हीच त्याची पेरणी केली असं होईल.

तिकडे आपल्यासारखे बचत गट आहेत का?
— माढा

आहेत, आणि फार जुने. नायजरमध्ये मरादी भागात 1991 मध्ये केअर संस्थेच्या मदतीनं बायकांचे गट सुरू झाले. बँकेचं नावही नव्हतं. दर आठवड्याला पैसे एका लोखंडी पेटीत जमा करायचे, त्यातूनच एकमेकींना कर्ज, आणि वर्षाअखेरीस सगळं वाटून हिशोब पूर्ण. अशा पेट्यांना तीन कुलपं असतात, तीन किल्ल्या तीन जणींकडे. तिघी हजर असल्याशिवाय पेटी उघडत नाही आणि पैसे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोजले जातात. वाचता न येणाऱ्या बाईलाही गटाची शिल्लक तोंडपाठ असते. ज्या गटांत वही एकीच्याच घरात राहते आणि बाकीच्या नुसत्या अंगठे देतात, त्यांनी या पेटीचा विचार करावा.

एलिझाबेथ म्पोफू ज्वारी-बाजरीच्या बियाण्यासाठी लढतात असं लिहिलं होतंत. आपल्याकडे तर बियाणं दुकानात मिळतंच. मग घरचं कशाला ठेवायचं?
— सांगोल्याचे एक तरुण शेतकरी

म्पोफूताई झिंबाब्वेच्या मास्विंगो भागातल्या. तो भाग कमी पावसाचा, आपल्या सांगोल्याच्या माणसाला ओळखीचा वाटेल असा. मका ही तिकडची प्रतिष्ठा. पण 1991-92 चा मोठा दुष्काळ पडला तेव्हा मका करपला. ज्वारी, बाजरी, नाचणी ही तिकडचीच जुनी पिकं. ज्वारी आणि बाजरी मुळात आफ्रिकेतूनच आपल्याकडे आली, हे अनेकांना माहीत नसतं. पण मक्याच्या मागे लागल्यावर त्यांचं बी घराघरांतून संपत गेलं होतं. म्पोफूताई आणि त्यांच्या सोबतच्या छोट्या शेतकऱ्यांनी बियाण्यांच्या जत्रा भरवल्या. आपापलं वाण घेऊन यायचं, दाखवायचं, अदलाबदल करायची, आणि कोणतं वाण कोणत्या मातीत टिकलं ते तिथंच सांगायचं. 2013 मध्ये ला व्हिया कॅम्पेसिना या जगभरच्या शेतकरी संघटनेचं मुख्य कार्यालय जाकार्ताहून हरारेला आलं आणि म्पोफूताई तिच्या प्रमुख झाल्या.

आता तुमचं. दुकानात बियाणं मिळतं, मान्य. पण पाऊस लांबला आणि दुबार पेरणी आली की त्या आठवड्यात मिळत नाही किंवा दुप्पट भावानं मिळतं. मालदांडीसारखं, म्हणजे मोहोळच्या केंद्रावर निवडलेल्या एम 35-1 सारखं, सरळ (संकरित नसलेलं) वाण असेल, तर घरचं बी वर्षानुवर्षं चालतं. उभ्या पिकातली भरदार, निरोगी कणसं काढणीच्या आधी खूण करून ठेवा, वेगळी खुडा, वेगळी बडवा, राख आणि कडुनिंबाचा पाला घालून ठेवा. आमच्या घरी हे काम सासूबाई करायच्या आणि त्यांच्या डोळ्याला जे कणीस दिसायचं ते मला आजही तसं दिसत नाही. म्हणून म्हणते, घरातल्या म्हाताऱ्या बाईला सोबत घेऊन रानात फिरा. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी हेच केलं आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कायद्याची भीती बाळगू नका. 2001 च्या वाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला घरचं बी ठेवायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा आणि विकायचाही हक्क दिला आहे. फक्त ते कंपनीच्या नावाच्या पिशवीत भरून विकायचं नाही.

तुम्ही सगळं बाईनं करावं म्हणता. पण जमीन नवऱ्याच्या नावावर. एक एकर माझ्या मनानं करते म्हटलं तर हसतात. तिकडच्या बायकांच्या नावावर जमीन असते का?
— करमाळा तालुक्यातल्या एक भगिनी

ताई, बहुतेकींच्या नसते. सेनेगलच्या दक्षिणेला काझामान्स भागात मारियामा सोन्को म्हणून एक शेतकरी बाई पश्चिम आफ्रिकेतल्या ग्रामीण बायकांची मोठी चळवळ चालवतात. रासायनिक खतांशिवाय, घरच्या बियाण्यावर शेती करायची आणि त्यातलं ज्ञान बायकांनी बायकांना द्यायचं, असं त्यांचं काम. त्यांच्याही पुढचा पहिला अडथळा जमिनीचाच. गावात जमीन पुरुषांच्या ताब्यात. बाईला मिळाली तर खडकाळ, पडीक. तिनं चार वर्षं शेणखत-पाला घालून ती सुपीक केली की घरचे परत घेऊ शकतात. अशा वेळी कोण बाई जीव ओतेल? म्हणून तिथल्या बायका एकेकटीनं मागण्याऐवजी गटाच्या नावानं जमीन मागतात. गटाकडून काढून घेणं अवघड जातं.

आणि हे लांबचंच आहे असं समजू नका. धाराशिव, लातूर आणि आपल्या सोलापूर जिल्ह्यात स्वयं शिक्षण प्रयोग संस्थेच्या साथीनं बायकांनी घरच्या शेतातला अर्धा-एक एकर मागून घेतला, त्यात कडधान्यं, तृणधान्यं, भाज्या लावल्या आणि काय पेरायचं ते स्वतः ठरवलं. दुष्काळात उसाला पाणी नव्हतं तेव्हा त्या तुकड्यानं घर चालवलं, असं मी माझ्या ओळखीच्या बायकांकडून ऐकलं आहे. हसणाऱ्यांना हसू द्या. पहिल्या हंगामासाठी जमीन मागू नका, निर्णय मागा. मृगाच्या पावसावर बाजरी-तूर, दोन ओळी बाजरी आणि एक ओळ तूर. खर्च कमी, बियाणं थोडं, आणि पाऊस दगा देऊन बाजरी गेली तरी तूर काहीतरी देते. खर्च आणि उत्पन्न वहीत लिहा, नवऱ्यालाही दाखवा.

पण निर्णयावर थांबू नका. नावाशिवाय पीककर्ज नाही, विमा नाही, नुकसानभरपाई नाही. उद्या काही बरंवाईट झालं तर दारात उभं राहायला जागा नाही. 1992 मध्ये महाराष्ट्र सरकारनं लक्ष्मी मुक्ती योजनेचा आदेश काढला. नवऱ्यानं स्वखुशीनं अर्ज केला तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागतं. तुमच्या माहेरच्या वडिलोपार्जित जमिनीतही हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं तुम्हाला भावाइतकाच हक्क आहे. तो सोडल्याच्या कागदावर सही करायच्या आधी दहा वेळा विचार करा. रक्षाबंधनाला ओवाळणी घेतली म्हणून हक्क सोडायलाच हवा असं कुठंही लिहिलेलं नाही.

नवरा तयार झाला की उशीर करू नका. दोघांची आधार कार्डं, चालू सातबारा, आठ-अ आणि लग्नाचा पुरावा घेऊन तलाठ्याकडे दोघांनी मिळून जा, आणखी काही कागद लागत असेल तर तिथंच विचारून घ्या. अर्जाची पोच घ्या. फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढा आणि त्याची एक प्रत तुमच्या स्वतःच्या पेटीत ठेवा.